राउटरवर जर्मनीचं अंतर

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला. तिथून कंपनीचं वोल्फ्सबर्गचं मुख्यालय सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन किमान 65 मिलिसेकंद लागणारच. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त. महागडं कनेक्शन घेतलं तरी ही वाट आखूड होत नाही.

चिंचवडला घरी बसून परदेशासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला, ते स्वतःच्याच मशीनवर तपासताना, हा उशीर जाणवत नाही. पण तो मुद्दाम आणता येतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली असेल, तर लिनक्समधलं ‘नेटएम’ प्रत्येक पॅकेट ठरावीक वेळ थोपवून मग सोडतं. मात्र ते पोर्टमधून बाहेर पडणारीच पॅकेटं थोपवतं. म्हणून इंटरनेटकडच्या आणि घराकडच्या, दोन्ही पोर्टना निम्मा-निम्मा उशीर द्यावा. खरी वाहतूक एकसुरी नसते. उशिरात थोडा चढउतार आणि टक्काभर पॅकेटगळतीही मिसळावी. माझ्या मते सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी आणि नंतर पिंग करून आकडा पाहा. काम झालं की उशिराचा हा नियम आठवणीने काढा. घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट त्याच राउटरवरून चालतं.