बुडण्याआधीचे आकडे

कंपनी बुडणार हे वेळेत कळावं, ही सावकाराची जुनी इच्छा. १९६८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एडवर्ड अल्टमन यांनी तिला सूत्रात बसवलं. ६६ अमेरिकी कारखानदार कंपन्या, निम्म्या बुडालेल्या, निम्म्या तगलेल्या. २२ गुणोत्तरांतून त्यांनी पाच निवडली, प्रत्येकाला वजन दिलं. सर्वांत जास्त, ३.३, व्याज आणि कर वजा होण्याआधीच्या नफ्याला एकूण मालमत्तेने भागून येणाऱ्या आकड्याला. बेरीज १.८१ च्या खाली गेली की धोका, २.९९ च्या वर असली की निर्धास्त. हा ‘झेड-स्कोअर’ कागदावरही मांडता येतो.

१९८० मध्ये जेम्स ओल्सन यांनी निम्म्या-निम्म्याची सोय सोडली; १०५ बुडालेल्यांसमोर २,०५८ तगलेल्या ठेवून थेट संभाव्यता काढली. १९९० मध्ये ओडम आणि शारदा यांनी अल्टमनचीच पाच गुणोत्तरं न्यूरल नेटवर्कला शिकवली. मग रँडम फॉरेस्ट, बूस्टिंग अशा यंत्राला शिकवण्याच्या प्रकारांची रांगच लागली. जो तो आधीच्यापेक्षा एखाददोन टक्क्यांनी सरस.

या टक्क्यांवर भाळू नये. तैवानच्या १९९९ ते २००९ या काळातल्या, संशोधकांच्या नेहमीच्या वापरातल्या ६,८१९ नोंदींत दिवाळखोर फक्त २२० आहेत. ‘कोणीच बुडणार नाही’ असं डोळे मिटून सांगणारं यंत्रही तिथे जवळपास ९७ टक्के बरोबर ठरतं! खरा प्रश्न, त्या २२० पैकी किती सापडल्या हा. शिवाय दोन्ही चुका सारख्या नसतात. धडधाकट कंपनीला कर्ज नाकारलं तर व्याज हुकतं, बुडणारीला दिलं तर मुद्दलच जातं.

आपल्याकडे तर यंत्राला शिकवायला धड उदाहरणंच नव्हती. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याखाली कंपन्या बीआयएफआर या पुनर्रचना मंडळापुढे वर्षानुवर्षं रखडत. कधी बुडाली म्हणायचं? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेमुळे निदान एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतल्याची तारीख मिळाली. तरी २०१८ मध्ये मुंबईच्या आयएल अँड एफएस या वित्तसमूहाने सगळ्यांना गाफील गाठलं. त्या उन्हाळ्यात सर्वोच्च ‘एएए’ असलेलं त्याचं पतमानांकन सप्टेंबरात थकबाकीदाराच्या ‘डी’वर आलं. कर्ज सुमारे ९१ हजार कोटींचं आणि तीनशेहून अधिक कंपन्यांत पसरलेलं. कारखान्यांसाठी बेतलेलं अल्टमनचं मूळ सूत्र असल्या वित्तसमूहाला लागूही पडत नाही.

छोट्या उद्योगांना कर्ज देताना आता ताळेबंदापलीकडे जाऊन जीएसटी विवरणपत्रं, चालू खात्यातली उलाढाल, न वटलेले धनादेश हेही पाहिलं जातं. ही माहिती दर महिन्याला किंवा तिमाहीला मिळते. ताळेबंद तपासून हाती येईपर्यंत आर्थिक वर्ष संपून कित्येक महिने लोटलेले असतात.