मनाची रोजकीर्द

जुन्या पेढीवर एक रिवाज असे. दिवसभराची जमा व खर्च त्याच दिवशीं रोजकीर्दींत उतरावयाचा, आणि मेळ जुळल्यावांचून दुकानाच्या फळ्या लावावयाच्या नाहींत. पैशाच्या बाबतींत जी दक्षता माणसास सहज सुचते, ती स्वभावाच्या बाबतींत कां सुचूं नये? अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकानें ती प्रत्यक्ष आचरून पाहिली.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ सालीं बोस्टन शहरीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करणारा. मुलाची शाळा दहाव्या वर्षींच सुटली. पुढें फिलाडेल्फियास छापखाना काढल्यावर, १७३० च्या सुमारास, त्यानें मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग इत्यादि बारा गुण निवडले. एका स्नेह्यानें त्यास गर्विष्ठ म्हटल्यावर नम्रता हा तेरावा गुण जोडला.

क्रमहि विचारपूर्वक होता. मिताहारानें डोकें स्वच्छ राहतें, म्हणून तो पहिला. काटकसर आणि उद्योग हे सचोटी व न्याय यांच्या आधीं; कारण कर्ज फिटल्यावर सचोटीनें वागणें सोपें जातें. सावकार दारांत उभा असतां खरें बोलणें किती जड जातें, हें संसारी माणसास सांगावयास नको.

त्याच्या छोट्या वहींत प्रत्येक गुणास एक पान होतें. पानावर सात वारांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी. रात्रीं दिवसाची उजळणी करून प्रत्येक चुकीबद्दल एक काळा ठिपका द्यावयाचा. मात्र एका आठवड्यांत खरें लक्ष एकाच गुणावर. माळी सगळी बाग एका दिवसांत निंदीत नाहीं, वाफ्यामागून वाफा घेतो, तसेंच हें. तेरा आठवड्यांनीं एक फेरी संपे. वर्षांत अशा चार.

त्यास सर्व गुण साधले काय? नाहीं. व्यवस्थितपणा तर त्यास अखेरपर्यंत वश झाला नाहीं. तरीहि एकुणऐंशीव्या वर्षीं आत्मचरित्रांत त्यानें नमूद केलें कीं, पूर्णता दूर राहिली, परंतु या यत्नानें आपण अधिक चांगले व सुखी झालों.

शाळेंत मीं अनेक वर्षें पाहिलें आहे. जूनमध्यें मुलें पहांटेपासून रात्रीपर्यंतचें वेळापत्रक भिंतीवर लावतात. गणपती येण्यापूर्वींच तें फाटलेलें असतें. सगळेंच एकदम सुधारावयाचें, हा त्यांतील दोष. मोठ्यांचेंहि निराळें नसतें. शाळेंत घंटा आपल्यासाठीं दुसरा कोणी वाजवितो. सेवानिवृत्तीनंतर ती थांबते, आणि दिवस कोठें गेला हें संध्याकाळीं सांगतां येत नाहीं. त्या वेळीं ही वही फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हां आज रात्रीं एक साधी वही घ्यावी, सात रकाने आंखावे, आणि एकच गुण वर लिहावा. ठिपके पडतील, पडूं द्यावे. पुढील फेरींत ते मोजून पाहावे.