ईस्टरचं अंडं आणि कांद्याच्या साली

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. त्यामुळे ईस्टर आपल्या वर्गांना परका नाही. पण ईस्टरला अंडंच का, असं मुलं विचारतात.

युरोपात पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या मात्र अंडी द्यायच्या थांबत नव्हत्या! साठलेली अंडी मग सणाला खाल्ली, वाटली जायची. त्याला अर्थही जोडला गेला: कवच म्हणजे येशूची बंद कबर, ते फोडून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे नवं जीवन. ग्रीसमध्ये अंडी लाल रंगवतात, ती येशूच्या रक्ताची आठवण म्हणून.

चॉकलेटची अंडी महाग पडतात. एकाकडे आली आणि दुसऱ्याकडे नाही, की मूल हिरमुसतं. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाच-सहा कांद्यांच्या कोरड्या साली पाण्यात वीस मिनिटं उकळा. पाणी गाळून चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्यात पांढरी अंडी दहा-बारा मिनिटं उकडा. छान तांबूस रंग चढतो. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तेव्हा अंडी त्याच दिवशी खाऊन संपवा.

जी मुलं अंडी खात नाहीत, त्यांना शाडूची अंडी करून हळदीच्या पाण्याने रंगवू द्या. म्हणजे कुणीच बाजूला बसणार नाही.