नुसती डोकी मोजून भागणार नाही
लोकसंख्या आणि पर्यावरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धरण आटलं, नदी नासली, शहराची हवा बिघडली, की चर्चा हमखास एका वाक्यावर येऊन थांबते : ‘लोकसंख्याच एवढी वाढलीय, काय करणार?’ या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते दिशाभूल करतं. एकदा दोष गर्दीवर ढकलला, की पाणी कोणी वापरलं, धूर कोणी सोडला, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून या विषयावरचे पाच पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : लोकसंख्या दिवसेंदिवस अधिकच वेगाने वाढते आहे

वस्तुस्थिती : जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटींवर पोहोचल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. आकडा वाढतोय हे खरं, पण वाढीचा वेग १९६०च्या दशकातच कळसाला पोहोचला होता. तेव्हा तो वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक होता. आज तो एका टक्क्याच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात जगाची लोकसंख्या १,०३० कोटींच्या आसपास जाईल आणि मग हळूहळू उतरू लागेल.

भारतात १९५०च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ही सरासरी २.० वर आली. महाराष्ट्रात ती १.७ आहे, गोव्यात १.३. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी साधारण २.१ लागते. मग आपली संख्या अजून वाढते कशी? मागच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली, तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच राहतात. ही वाढ ओसरायला एक-दोन पिढ्या जाव्याच लागतात.

गैरसमज २ : गरिबांच्या मोठ्या कुटुंबांमुळे पर्यावरण बिघडतं

वस्तुस्थिती : हवामान बदलाचा हिशेब नेमका उलटा आहे. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत ते चौदा टनांच्या घरात. जिथे आज सर्वाधिक वेगाने मुलं जन्मताहेत त्या आफ्रिका खंडात जगातली सुमारे १८ टक्के माणसं राहतात, पण जगाच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच आहे. जगातले सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत आहेत. तळच्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा.

देशांतर्गत चित्रही असंच आहे. घरात माणसं पाच असली, तरी वीज एका पंख्यापुरती आणि प्रवास एसटीचा असेल, तर त्या घराचा भार हलका असतो. तीनच माणसं, पण दोन गाड्या, प्रत्येक खोलीत एसी आणि सुट्टीला विमान, या घराचा भार कितीतरी जड.

गैरसमज ३ : माणसं वाढली म्हणून पाणी पुरत नाही

वस्तुस्थिती : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळांना कित्येक दिवस पाणी नव्हतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पाऊस सलग कमी पडला होता, हे तर उघडच आहे. पण त्याच मांजरा खोऱ्यात उसाचे फड आणि साखर कारखानेही होते.

महाराष्ट्राच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र सुमारे सत्तर टक्के, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवलेलं आहे. माणसाच्या पिण्याला आणि घरवापराला या तुलनेत फारच थोडं पाणी लागतं. लातूरची लोकसंख्या निम्मी असती, तरी त्या उन्हाळ्यात तळ गाठलेलं धरण भरलं नसतं. यात एकट्या शेतकऱ्याला दोष देणं अन्यायाचं ठरेल. उसाला ठरलेला दर आणि हमखास गिऱ्हाईक आहे. तूर, ज्वारी, करडईला तसा भरवसा नाही. तो भरवसा देणं हे धोरणाचं काम आहे.

गैरसमज ४ : कडक कायदा केल्याशिवाय जन्म कमी होत नाहीत

वस्तुस्थिती : सक्ती आपण करून पाहिलेली आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुतांश पुरुषांच्या होत्या आणि अनेकांवर उघड जबरदस्ती झाली. लोकांच्या मनात अशी धास्ती बसली, की पुरुष नसबंदी पुन्हा उभीच राहिली नाही. पाचव्या सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचं प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे, पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची असूनही सगळा भार बाईच्या शरीरावर पडला.

चीनमधला जननदर (एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी) एकाच मुलाचा नियम येण्याआधीच्या दशकात सहाच्या जवळून तीनच्या खाली उतरला होता. पुढे १९८० ते २०१५ या काळात नियम होता, पण याच काळात चीनचं कार्बन उत्सर्जन सहापटींहून अधिक वाढलं.

जन्मदर खरोखर उतरवते ती मुलीची शाळा. आपल्याकडे न शिकलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आहे, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही पाहावं : १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात मुस्लिम स्त्रियांचा दर ४.४ वरून २.४ वर आला, हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९ वर. केरळमधल्या मुस्लिम स्त्रियांचा दर बिहारमधल्या हिंदू स्त्रियांपेक्षा कमी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांचा भर माहितीवर आणि स्त्रीच्या मर्जीवर होता. शंभर वर्षांनंतर आकडेही तेच सांगत आहेत.

गैरसमज ५ : मग लोकसंख्येची काळजी करायचं कारणच नाही

वस्तुस्थिती : कारण आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. भावाभावांत वाटणी झाली, की बांध वाढतात, आणि प्रत्येकाला आपल्या तुकड्यात स्वतःची बोअर लागते. खाली भूजल तेवढंच राहतं, त्यातून उपसा करणाऱ्या मोटारी वाढतात.

धान्याचंही तसंच. १९५१ पासून लोकसंख्या चौपट झाली आणि धान्योत्पादन सहापटींवर गेलं, म्हणून भाकीत केलेले दुष्काळबळी टळले. त्याची किंमत जमिनीखालच्या पाण्याने मोजली : आज जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. शिवाय जे आज कमी वापरतात त्यांचा वापर वाढणार आहे आणि वाढायलाच हवा. पक्कं घर, फ्रिज, दवाखान्यात अखंड वीज हा त्यांचाही हक्क आहे. म्हणूनच ती वीज कोळशाऐवजी सूर्य-वाऱ्यापासून येणं आणि आधीच भरपूर वापरणाऱ्यांनी हात आखडता घेणं गरजेचं आहे.

थोडक्यात, कामं दोन आहेत आणि एकाच्या नावाखाली दुसरं टाळता येत नाही. माणसांची संख्या स्थिरावायची असेल, तर मुली शिकल्या पाहिजेत, त्यांची लग्नं उशिरा झाली पाहिजेत आणि गर्भनिरोधनात पुरुषांनी आपला वाटा उचलला पाहिजे. निसर्गावरचा भार कमी करायचा असेल, तर पाणी, वीज आणि जमीन कोण किती वापरतं याचा उघड हिशेब मांडला पाहिजे. पुढच्या वेळी धरण आटेल तेव्हा ‘माणसं किती’ एवढ्यावर न थांबता ‘पाणी कुठे गेलं’ हेही विचारू या. ते विचारण्याचा हक्क आपल्या प्रत्येकाला आहे.