दान : चित्ताचा अलंकार

दान म्हणजे गरजूची गरज भागविणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. दानाने घेणाऱ्याचे हित होते हे उघड आहे. देणाऱ्याचे काय होते, याचाही पाली साहित्याने बारकाईने विचार केला आहे.

दान ही दहा पारमितांपैकी एक पारमिता होय. दान, शील आणि भावना या तीन पुण्यक्रियांतही दानाचा उल्लेख प्रथम येतो. दानाच्या जोडीने येणारा दुसरा शब्द ‘चाग’, म्हणजे त्याग. दान ही कृती आहे, तर चाग ही चित्ताची मोकळीक आहे. तिच्या विरुद्ध ‘मच्छरिय’, म्हणजे कृपणता. निवास, कुल, लाभ, प्रशंसा आणि धम्म अशी कृपणतेची पाच क्षेत्रे सांगितली आहेत. आपले ज्ञान इतरांपासून राखून ठेवणारा विद्वानही या अर्थाने कृपणच ठरतो.

आमच्या अनेक वाचकांची शंका अशी की, पुण्याच्या आशेने केलेले दान हा परलोकाशी केलेला सौदाच नव्हे काय? अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात सारिपुत्तांनी विचारले आहे की, सारख्याच दानाचे फळ निरनिराळे का असते? उत्तरात तथागतांनी दात्याच्या हेतूंची चढती श्रेणी सांगितली. मृत्यूनंतर याचा उपभोग मिळेल, या अपेक्षेने दिलेले दान तीत सर्वांत खालच्या पायरीवर आहे; चित्ताचा अलंकार म्हणून दिलेले दान सर्वांत वर. फळाची भाषा तेथे देवलोकाची आहे, हे खरे. परंतु श्रेणीचा निकष हेतू हाच आहे.

छक्क निपातात दात्याची तीन अंगे सांगितली आहेत : देण्यापूर्वी आनंद, देताना प्रसन्नता, दिल्यानंतर समाधान. याची प्रचीती प्रत्येकाला याच आयुष्यात घेता येते.

दानाला मर्यादाही आहे. स्वतःला व इतरांना इजा न करता देणे, हे सत्पुरुषाच्या दानाचे लक्षण मानले आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने संपत्तीचा चौथा हिस्सा आपत्काळासाठी राखावा, असा उपदेश आहे. तेव्हा कर्ज काढून दिलेली वर्गणी हा धम्माचा आदर्श नव्हे.

आपल्या समाजाच्या संदर्भात या विचाराला आणखी एक अर्थ आहे. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके इतरांचे उष्टे आले, त्यांना ते नाकारण्याचे आवाहन बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे केले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या अनुयायांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. घेणाऱ्याचे लाचार स्थान सोडून दात्याच्या स्थानी उभे राहणे, हा त्या दोन आवाहनांमधील प्रवास आहे. म्हणूनच मजुराने आपल्या कमाईतून दिलेल्या थोड्याशा रकमेचेही मोल मोठे आहे.

कार्ले येथील चैत्यगृहाच्या दानलेखांत धेनुकाकटाचा सुतार सामी आणि तेथीलच सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त यांची नावे आढळतात. एकट्या राजाच्या नव्हे, तर अशा अनेक हातांच्या देण्याने ते लेणे उभे राहिले. नाव कोरण्यात दोष नाही; केवळ नावासाठी देण्यात आहे. आपल्या विहाराला, वसतिगृहाला अथवा एखाद्या विद्यार्थ्याला साहाय्य करताना उपासक-उपासिकांनी रकमेबरोबर आपले चित्तही तपासावे. ते देताना थोडे मोकळे झाले असेल, तर दानाचे पहिले फळ हाती आलेच आहे.