आमच्या वाड्यांतील मोटार आणि काकतालीय न्याय

मोटार नादुरुस्त झाली म्हणजे ती कारखान्यांत पाठवावी, बिल येईल तें निमूटपणें द्यावें आणि पुन्हां नादुरुस्त होईपर्यंत तिचें नांव काढूं नये, असा हल्लींचा रिवाज आहे. आणि आजच्या मोटारींच्या पोटांत जीं यंत्रें बसविलेलीं असतात तीं पाहतां तो रिवाज अगदींच वावगा आहे असें म्हणवत नाहीं. परंतु आमच्या वाड्यांत जी मोटार आहे ती या नियमांत बसणारी नव्हे. तिचें वय पाऊणशें वर्षांहून अधिक आहे, आणि ज्या कारखान्यांत ती जन्मली तो बंद होऊन चार तपें होत आलीं. तेव्हां २०२५ सालच्या चैत्रांत तिच्या एका चमत्कारिक दुखण्याचा छडा लावण्याचें काम, संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या व मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेल्या आमच्यासारख्या माणसाकडे आलें. तें कसें आलें, आणि त्यांत आम्ही कोठें कोठें फसलों, हें वाचकांस सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

ही मोटार म्हणजे एम. जी. या इंग्रज कंपनीची 'टी. सी.' नांवाची, दोन आसनांची, उघडी, चपळ गाडी. आमचे चुलते नाशकांत वैद्यकी करीत. घरांत लहानथोर सर्व त्यांस डॉक्टरकाका म्हणत. त्यांनीं ती १९५२ सालीं देवळालीच्या छावणींतून बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून घेतली. एम. जी. हीं अक्षरें 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचीं. ऑक्सफर्ड येथें सायकली दुरुस्त करून पोट भरणारा विल्यम मॉरिस पुढें इंग्लंडांतील बडा मोटार-कारखानदार झाला, आणि त्याच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यांवर हलक्या व वेगवान गाड्या बांधण्यास आरंभ केला. किंबर १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनमधील एका रेल्वे-अपघातांत मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस, महायुद्ध नुकतेंच संपलें असतां, ॲबिंग्डनच्या कारखान्यांतून टी. सी. बाहेर पडूं लागली, आणि १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या निघाल्या. त्यांतील एकूण एक गाडीचें चालनचक्र उजव्या बाजूस! अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें जातात. तरी तेथील लोकांनीं दोन हजारांच्या आसपास टी. सी. हौसेनें घेतल्या आणि गैरसोयीच्या बाजूस बसून चालविल्या. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद झाला. एम. जी. हें नांव आतां एका चिनी कंपनीच्या मालकीचें आहे व त्या नांवाच्या गाड्या २०१९ पासून गुजराथेंत हालोल येथें तयार होतात. परंतु त्यांचें आणि आमच्या गाडीचें नातें केवळ आडनांवापुरतें.

तिच्या इंजिनाविषयीं एक गंमत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मॉरिसचीं इंजिनें ज्या कारखान्यांत होत, तो मूळचा एका फ्रेंच कंपनीचा. त्यामुळें त्या इंजिनाच्या स्क्रूंच्या आट्या फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरच्या मापाच्या, परंतु इंग्रज मिस्त्र्यांच्या पान्यांची सोय व्हावी म्हणून त्यांचीं डोकीं मात्र इंग्रजी मापाचीं. धातु एका गणाचा आणि प्रत्यय दुसऱ्या गणाचा लावावा, असा हा प्रकार! बाजारांत असा स्क्रू मिळत नाहीं. आमचा पुतण्या अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एका यंत्रशाळेंत नोकरीस असल्यामुळें लेथवर ते करून आणतो, म्हणूनच आमचा निभाव लागतो.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. आमचा वाडा जुना झाला. तो पाडून तेथें इमारत उठवावयाची, असें घरांत ठरलें. मसुदे होऊं लागले, कोणाला किती जागा याच्या वाटाघाटी सुरू झाल्या, आणि मग मोटारीचा प्रश्न निघाला. आमचे धाकटे बंधू व्यवहारी आहेत. ते म्हणाले, "दादा, जी गाडी धड त्र्यंबकापर्यंत जाऊं शकत नाहीं, तिच्यासाठीं नव्या इमारतींत एक खण अडवावयाचा का? मुंबईचे एक गृहस्थ ती आहे त्या स्थितींत घेण्यास तयार आहेत." बोलणें खोटें नव्हतें. डॉक्टरकाका निवर्तल्यास बरींच वर्षें झालीं, परंतु काकू आहेत. त्यांचें वय ८८. त्या एवढेंच म्हणाल्या, "चालत नसेल तर ठेवूं नका. चालत असेल, तर विकण्यापूर्वीं मला एकदां तिच्यांतून त्र्यंबकराजाच्या दर्शनास न्या." शेवटीं बंधूंनीं अक्षय्य तृतीयेची मुदत घातली. तोपर्यंत गाडी त्र्यंबकास जाऊन परत आली तर पुढें बोलावयाचें, नाहीं तर सौदा करावयाचा.

गाडीचें दुखणें असें होतें. सकाळीं ती एका झटक्यांत सुरू होई. सातपूर, पिंपळगांव बहुला हीं गांवें सुरळीत मागें पडत, आणि महिरावणीच्या आसपास येतांच ती ठसका लागल्यासारखी खोकूं लागे व बंद पडे. अर्ध्या तासानें पुन्हां चालू होई, आणि पुन्हां कांहीं मैलांवर तेंच.

प्रथमदर्शनीं आम्हांस वाटलें, हें उन्हाचें काम. या गाडींत पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप इंजिनाच्या मागच्या पडद्यावर, ऐन उष्णतेंत बसविलेला आहे. पेट्रोल तेथें तापून त्याची वाफ होते व पंप नुसती वाफ ओढीत राहतो, हा पुष्कळ जुन्या गाड्यांचा अनुभव आहे. कसाऱ्याच्या घाटांत टॅक्सीवाले पंपावर ओलें फडकें गुंडाळीत, तें आम्हीं लहानपणीं पाहिलेलें. तोच उपचार केला. फडकें भिजवून पंपावर घातलें, शेजारच्या टपरीवर चहा घेतला, आणि वीस मिनिटांनीं कळ फिरवितांच गाडी सुरू झाली! आम्हांस जो आनंद झाला तो विचारूं नका. तीन वेळां फडकें घातलें, तीन वेळां गाडी सुरू झाली. याहून प्रमाण तें काय हवें?

पुतण्या मात्र स्वस्थ बसेना. चौथ्या खेपेस तो म्हणाला, "काका, आज फडकें घालूं नका. नुसता चहा घेऊं." आम्हीं तसें केलें. वीस मिनिटांनीं गाडी सुरू झालीच.

तेव्हां आमचे डोळे उघडले. तीस वर्षें मुलांना ज्याचें उदाहरण दिलें, तो काकतालीय न्याय आमच्याच अंगणांत येऊन बसला होता. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें; म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. तर्कसंग्रह शिकतांना अन्वय आणि व्यतिरेक हीं दोन नांवें आम्हीं घोकलीं होतीं. जेथें धूर तेथें अग्नि, हा अन्वय; जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, हा व्यतिरेक. फडकें आहे तेथें गाडी सुरू, एवढा अन्वय पाहून आम्ही संतुष्ट झालों. फडकें नसतां काय होतें, हें पाहण्याची बुद्धि एका तिशीच्या मुलास झाली, आम्हांस नाहीं.

याच सुमारास घरांत एक प्रसंग घडला, तो आठवला म्हणजे अद्याप अंगावर कांटा येतो. गाडी चौकांत उभी होती. तिन्हीसांजेस सूनबाई तुळशीपुढें दिवा लावण्यास आल्या, आणि काडी ओढण्यापूर्वीं एकदम थबकल्या. "मामंजी, पेट्रोलचा वास येतो आहे," असें म्हणून त्यांनीं काड्यांची पेटी तशीच पदराआड धरून दिवा परत माजघरांत नेला. आम्हीं वांकून पाहिलें, तों पंपाजवळच्या रबरी नळींतून थेंब थेंब पेट्रोल गळून फरशींतील भेगेंतून तुळशीच्या कट्ट्याकडेच ओघळलें होतें. नळी हातांत घेतली तर मऊ पडलेली, बोटांस काळें लागलेलें. हल्लींच्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. तें आपल्याच महाराष्ट्रांतील उंसाच्या मळीपासूनहि होतें, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु पाऊणशें वर्षांपूर्वींच्या धर्तीचें रबर व बूच यांस तें मानवत नाहीं. पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या आणून सर्वत्र बदलल्या. ज्यांच्या घरीं जुनी गाडी असेल त्यांनीं दुसरें कांहीं न केलें तरी एवढें अवश्य करावें, आणि दुरुस्तीच्या जागेपासून देवाचा दिवासुद्धां दूर ठेवावा.

नळी बदलली तेव्हां, रोगाचें मूळ सांपडलें, असें आम्हांस पुन्हां एकदां वाटलें. गाडी पुन्हां एकदां महिरावणीस बंद पडली.

अखेर द्वारका चौकाजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. जुन्या ॲम्बॅसडर गाड्या त्यांच्या हाताखालून शेंकड्यांनीं गेलेल्या. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "गुरुजी, गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तुम्हीं काय पाहिलें?"

"पाहिलें कांहीं नाहीं, चाचा. चहा घेतला."

"मग कसें कळणार? रोगी बरा झाल्यावर नाडी पाहून काय उपयोग? बंद पडली कीं ती थंड होण्याआधीं तीन गोष्टी पाहा. पंप बोलतो कीं नाहीं, ठिणगी कशी पडते, आणि वाटींत पेट्रोल आहे कीं नाहीं. ठिणगी आधीं पाहा, पेट्रोलचें झांकण नंतर उघडा. उलट केलेंत तर गाडी जाईल आणि मिशाहि जातील."

दुसऱ्या दिवशीं महिरावणीस आम्हीं त्याप्रमाणें केलें. कळ फिरविली, तों पंप दोनतीनदां टिकटिक करून थांबला. हा पंप पेट्रोल मिळेनासें झालें तर भराभर वाजत राहतो, आणि वाट्या भरल्या कीं गप्प बसतो. तेव्हां तो थांबला हें शुभ चिन्ह होतें. मग प्लगची तार काढून एक जादा प्लग इंजिनाच्या अंगास टेकवून पाहिला. जी ठिणगी निळी व टणत्कार करणारी असावी, ती पिवळट, बारीक, मरतुकडी. त्यानंतर कार्बोरेटरांचीं झांकणें उघडलीं. दोन्ही वाट्या कांठोकांठ भरलेल्या. पेट्रोल निर्दोष ठरलें. इतके दिवस आम्हीं निरपराध पंपास ओल्या फडक्यांची शिक्षा देत होतों!

ठिणगी कां मरते, तें थोडक्यांत सांगतों. डिस्ट्रिब्युटरच्या डबींत दोन लहान टोकें उघडझांप करतात. त्यांस पॉइंट म्हणतात. तीं उघडतांच कॉइलमधील प्रवाह तत्काळ तुटला पाहिजे, कारण तो जितका एकाएकीं तुटेल तितकी प्लगची ठिणगी जोरदार. परंतु वीज अशी सहजासहजीं थांबत नाहीं. ती पॉइंटांमधल्या फटींतूनच उडी घेऊं पाहते. ती उडी टळावी म्हणून तेथें करंगळीएवढी एक धातूची नळकांडी जोडलेली असते. तिचें नांव कंडेन्सर. पन्हळीखालीं घंगाळ ठेवलें म्हणजे पावसाच्या पहिल्या झडीचें पाणी अंगणांत न उसळतां त्यांत पडतें, तसा तो प्रवाहाचा पहिला लोंढा आपल्या पोटांत घेतो. घंगाळास चीर गेली कीं सगळें अंगणांत. आम्हीं डबी उघडली, तों पॉइंटांचीं तोंडें जळून काळीं झालेलीं.

आतां लाजेची गोष्ट अशी कीं हा कंडेन्सर नवा कोरा होता. माघांत आम्हींच मोठ्या उत्साहानें प्लग, पॉइंट, कंडेन्सर सर्व एकाच दिवशीं बदलले होते, आणि जुनें सर्व केराच्या टोपलींत. त्यानंतर गांवांतल्या गांवांत दोनचार फेऱ्या झाल्या त्या दहा मिनिटांच्या. त्यांत तो तापलाच नाहीं. नवा आहे म्हणून त्याच्याकडे आम्हीं संशयानें पाहिलें नाहीं. दुकानदारास दोष देऊन उपयोग नाहीं. त्यालाहि तें खोकें कोणाकडून तरी आलेलेंच.

मिस्त्रींनीं ॲम्बॅसडरचा एक जुना, चालता कंडेन्सर बरोबर दिला होता. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची इंग्लंडांतली मॉरिस ऑक्सफर्ड, तेव्हां तो आमच्या गाडीचा चुलतभाऊच म्हणावयाचा. पुतण्यानें नव्याची तार सोडविली आणि हा जुना डबीच्या बाहेरूनच तारेनें बांधला. इंजिन तसेंच तापलेलें, डोक्यावर तेंच ऊन, फडकें नाहीं, चहा नाहीं. कळ फिरविली आणि गाडी सुरू झाली.

पुतण्या निघण्याच्या घाईंत होता. आम्हीं त्यास थांबविलें. "तो वाईट कंडेन्सर पुन्हां बसव." तो आमच्याकडे पाहतच राहिला, पण बसविला. सात मिनिटांत गाडी बंद. पुन्हां जुना लावला, पुन्हां सुरू. तेव्हां कोठें आमचें समाधान झालें. भर दुपारीं, रस्त्याच्या कडेस, घामानें निथळत उभे असतां त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळीं आमच्या तर्कशास्त्राविषयीं फारसा आदर दिसत नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

अक्षय्य तृतीयेस, म्हणजे ३० एप्रिलला, पहांटे साडेपांच वाजतां काकू नऊवारी नेसून, डोकीस शाल घट्ट बांधून गाडींत बसल्या. गाडी दोन आसनांची, त्यामुळें चालविणारा पुतण्या आणि शेजारीं काकू. आम्ही व बंधू बसनें मागून निघालों. महिरावणी आली तेव्हां आम्ही दोघेहि न बोलतां खिडकींतून डाव्या कडेस पाहत होतों. रस्ता मोकळा होता. अंजनेरी गेली, पेगलवाडी गेली. त्र्यंबकास उतरून कुशावर्ताकडे गेलों, तों काकू पायरीवर बसलेल्या आणि भोंवतीं पांचसहा पोरें गाडीविषयीं पुतण्यास प्रश्न विचारून भंडावून सोडीत असलेलीं. आम्हांस पाहून काकू म्हणाल्या, "किती उशीर केलात रे!"

मुंबईच्या गृहस्थांस बंधूंनीं अद्याप नकार कळविलेला नाहीं, होकारहि नाहीं. सरकारनें २०२१ च्या जुलैंत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं नोंदणीचे वेगळे नियम केले. वीस हजार रुपये भरले म्हणजे 'व्ही. ए.' अक्षरांचा क्रमांक दहा वर्षांसाठीं मिळतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. काकूंस पुढच्या वर्षींहि त्र्यंबकास जावयाचें असल्यामुळें आम्हीं त्याची घाई केलेली नाहीं; जुन्या नोंदणीचें नूतनीकरण वेळच्या वेळीं झालेलें आहे. गेल्या आठवड्यांत नव्या इमारतीच्या कराराचा मसुदा आमच्याकडे वाचावयास आला, तेव्हां वाहनांच्या जागेच्या कलमांत बंधूंच्या अक्षरांत एक ओळ वाढविलेली आढळली: एक खण, झांकलेला, पावसाचें पाणी न येणारा.