पडदा काळा, आकडा बरोबर

1920 गुणिले 1080 ठिपक्यांचं चित्र सेकंदाला 60 वेळा रंगवायचं, तर साडेबारा कोटींच्या आत ठिपके पुरतात. केबलमधून मात्र 14 कोटी 85 लाख जातात. काचेच्या नळीच्या टीव्हीत किरणाला मागे फिरायला वेळ द्यावा लागे. त्या काळापासून चालत आलेली मोकळी जागा धरून ओळ 2200 ठिपक्यांची आणि चौकट 1125 ओळींची होते. हा झाला 148.5 मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक. तो फार चुकला तर मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणू शकतो.

चिपमधली अशी क्लॉकं सांभाळायचं काम कर्नलचं. लिनक्स कर्नलमध्ये 2012 साली, 3.4 या आवृत्तीत, सगळ्या क्लॉकांचा एक सामाईक कारभार आला. एखाद्या क्लॉकचा वेग विचारला, की हा कारभार सहसा हार्डवेअर वाचायला जात नाही. आपल्याकडे टिपलेला आकडा सांगतो. त्यात आळस नाही. वाचन कधी संथ असतं, कधी त्या भागाची वीजच बंद असते. शिवाय वेग विचारताना कुलपासाठी (लॉकसाठी) थांबावं लागू शकतं, आणि इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला थांबायची मुभा नसते. म्हणून काही ड्रायव्हर या आकड्याची आणखी एक प्रत स्वतःजवळ ठेवतात. म्हणजे आकडा शिळा व्हायला आणखी एक जागा.

या सगळ्यामागचं गृहीतक एकच: वेग बदलणारे आपणच. सोसायटीच्या टाकीची पातळी वहीत लिहिली आणि वॉचमनने परस्पर व्हॉल्व्ह उघडला, तर वहीचा काय दोष? रास्पबेरी पायमध्ये असा वॉचमन आहे. तिथलं फर्मवेअर बरीच क्लॉकं स्वतः सांभाळतं. कर्नल त्याला ‘मेलबॉक्स’मधून निरोप धाडतो. म्हणूनच तिथल्या क्लॉक ड्रायव्हरने या क्लॉकांवर ‘नोकॅश’ फ्लॅग लावलाय: प्रत्येक वेळी नव्याने विचारा. मला हा प्रामाणिक मार्ग वाटतो, जरा महाग असला तरी.

खरा घोळ वेग ठरवताना होतो. मागितलेला वेग टिपलेल्या आकड्याशी जुळला, तर कर्नल ‘काम झालेलंच आहे’ म्हणून परत फिरतो, हार्डवेअरला हातही लावत नाही. पण मधल्या काळात वीज तोडल्यामुळे पीएलएलची, म्हणजे क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटची, रजिस्टरं पुसली गेली असतील तर? क्वालकॉमच्या डीएसआय (डिस्प्ले जोडणीच्या) ड्रायव्हरमध्ये यासाठीच पीएलएलची स्थिती आधी जपून नंतर पुन्हा भरण्याची वेगळी सोय आहे.

अशी चूक शोधणाऱ्याला ‘क्लॉक समरी’ नावाच्या फाइलचा आधार वाटतो, कारण तिच्यात सगळी क्लॉकं वेगासकट मांडलेली असतात. पण ‘नोकॅश’ नसलेल्या क्लॉकांपुढे तीही तोच टिपलेला आकडा छापते. अशा वेळी ऑसिलोस्कोपच काढावा लागतो.